राग मराठीत ‘वर’ येतो, इंग्रजीत ‘विथ’ येतो

‘वुई आर सॉरी फॉर यू.’

हे वाक्य मी एका परदेशी गिऱ्हाइकाला पाठवलं होतं. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी पत्रव्यवहार बघते. तेव्हा नोकरीला जेमतेम सहा महिने झाले होते. ४५० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या) निळ्या टॉवेलांचा एक लॉट शेडमध्ये, म्हणजे रंगाच्या छटेत, नापास झाला, पुन्हा रंगवायला गेला, आणि कंटेनर न्हावाशेवा बंदरात दोन आठवडे उशिरा पोचला. मला म्हणायचं होतं, तुम्हाला त्रास झाला, माफ करा. मी लिहून बसले, आम्हाला तुमची कीव येते. गिऱ्हाइकाचं उत्तर दोन ओळींचं होतं: ‘प्लीज डोन्ट बी सॉरी फॉर मी. जस्ट सेंड द टॉवेल्स.’ मालकांनी त्याचा प्रिंट काढून काही न बोलता माझ्या टेबलावर ठेवला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

सॉरी शब्द बरोबर होता, व्याकरणही बरोबर होतं. चूक होती ती ‘फॉर’पुढे माणूस बसवण्यात. ‘सॉरी फॉर द डिले’ म्हणजे उशिराबद्दल दिलगीर. ‘सॉरी अबाउट द डिले’ म्हणजेही तेच. पण ‘सॉरी फॉर’पुढे माणूस आला की ती दया होते. त्या दिवसापासून मी एक वही घातली. भावनांची विशेषणं आणि त्यांच्या मागून येणारे हे चिमुकले शब्द, म्हणजे ऑफ, ॲट, विथ, अबाउट, फॉर, त्यात लिहीत गेले. आता भाची बारावीला आहे, संध्याकाळी तीच वही घेऊन बसते. त्या वहीतलंच इथे सांगते.

सगळ्यात आधी राग, कारण सोलापुरात सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. आमच्या गल्लीत चार भाषा आहेत. आम्ही म्हणतो, ‘माझ्यावर का चिडलास बे?’ समोरच्या तेलुगू अम्मा म्हणतात ‘ना मीद कोपम्’, म्हणजे माझ्यावर राग. वरच्या मजल्यावरच्या कन्नड काकू ‘नन्न म्याले सिट्टु’ म्हणतात, तेही ‘माझ्यावर’च. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला ‘मेरे पे गुस्सा’ म्हणतो. चारही भाषांत राग माणसाच्या वर जाऊन बसतो. मग इंग्रजी बोलताना आपल्या तोंडून ‘अँग्री ऑन मी’ आलं नाही तरच नवल. पण इंग्रजीत राग कुणाच्या वर बसत नाही. माणूस असेल तर ‘विथ’: ‘मालक इज अँग्री विथ मी’. गोष्ट असेल तर ‘अबाउट’: ‘ही इज अँग्री अबाउट द शेड’. दोन्ही एकत्रही येतात: ‘ही इज अँग्री विथ मी अबाउट द शेड’. आणि मी काय केलं म्हणून तो चिडला, हे सांगायचं तर ‘फॉर’ आणि पुढे आयएनजी: ‘ही इज अँग्री विथ मी फॉर सेंडिंग द राँग सॅम्पल’.

‘अँग्री ॲट’ सुद्धा चालतं, माणसाला आणि गोष्टीला दोन्हीकडे. अमेरिकन गिऱ्हाइकांच्या पत्रांत ते जास्त दिसतं. ‘ऑन’ तेवढं कुणाच्याच पत्रात दिसलं नाही. अनॉइड, फ्युरियस, अपसेट यांचंही असंच आहे, माणसाला विथ आणि गोष्टीला अबाउट. ‘मॅड’ मात्र जपून वापरा. ‘मॅड ॲट हर’ म्हणजे तिच्यावर भडकलाय आणि ‘मॅड अबाउट हर’ म्हणजे तिच्यावर लट्टू झालाय. एकाच पोराबद्दल एकाच आठवड्यात दोन्ही खरं असू शकतं, तो भाग वेगळा.

यातून मला एक अडाखा सापडला. मराठीत भावनेच्या आधी ‘वर’ आला आणि त्या ‘वर’खाली माणूस असला, की इंग्रजीत बहुतेक वेळा ‘विथ’ लागतो. मालक माझ्यावर खूश आहेत: हॅपी विथ मी, प्लीज्ड विथ मी. सर आमच्यावर नाराज आहेत: अपसेट विथ अस. आई त्याच्यावर वैतागलीय: अनॉइड विथ हिम, फेड अप विथ हिम. अडाखा मोडतो तो ‘जळण्या’पाशी. शेजारी माझ्यावर जळतो, तिथे ‘विथ’ चालत नाही, ‘जेलस ऑफ मी’ म्हणावं लागतं. त्यावर माझा इलाज असा, की ‘जळतो’ म्हणू नका, ‘हेवा करतो’ म्हणा. मग ‘माझ्यावर’चं ‘माझा’ होतं, आणि त्याचा रस्ता वेगळा आहे.

तो रस्ता ‘चा-ची-चे’चा. भाचीला हे आधी पटलं नाही, मग तिने स्वतः वहीत खाडाखोड करून पाहिलं. कुत्र्याची भीती: अफ्रेड ऑफ डॉग्ज. मुलीचा अभिमान: प्राउड ऑफ माय डॉटर. कपड्यांची लाज: अशेम्ड ऑफ माय क्लोद्ज. शेजाऱ्याचा हेवा: जेलस ऑफ द नेबर. त्याच त्याच भाजीचा कंटाळा: टायर्ड ऑफ द सेम भाजी. शेंगाचटणीची आवड: फाँड ऑफ शेंगाचटणी. सहाच्या सहा ठिकाणी मराठीत षष्ठी आणि इंग्रजीत ऑफ. म्हणून क्रियापद सोडायचं आणि नामाने वाक्य करायचं. ‘मी कुत्र्याला घाबरतो’ यातला ‘ला’ फसवतो, ‘से डरता हूँ’मधला ‘से’ तर त्याहून जास्त, कारण त्यातून ‘अफ्रेड फ्रॉम’ जन्माला येतं. ‘मला कुत्र्याची भीती वाटते’ म्हटलं की ऑफ आपोआप समोर येतो.

(लिहिताना हा ऑफ एका एफचा. दोन एफवाला म्हणजे दिवा बंद करायचा ऑफ. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलाने ‘वुई आर प्राउड’पुढे दोन एफ लावले होते, पत्र जाता जाता वाचलं.)

आता हा अडाखा कुठे तुटतो तेही सांगायला पाहिजे, नाहीतर पेपरात मार खाल आणि नाव माझं घ्याल. ‘काळजी’लाही मराठीत ‘ची’ लागतो, पण इंग्रजीत ‘वरिड ऑफ’ नाही, ‘वरिड अबाउट’. परीक्षेचं टेन्शन: नर्व्हस अबाउट द एक्झाम. सहलीची उत्सुकता: एक्साइटेड अबाउट द ट्रिप. अबाउटचा जुना अर्थ ‘भोवती’ असा आहे, आणि तो लक्षात ठेवला की गुंता सुटतो. काळजी, धाकधूक, उत्सुकता या भावनांत मन त्या गोष्टीभोवती घिरट्या घालत राहतं. कंटेनर निघाला का, बोट गाठली का, एलसीची (बँकेच्या पैसे देण्याच्या हमीपत्राची) तारीख टळली का, रात्री दोन वाजता डोळे टक्क उघडे ठेवून मी हेच घोळवत असते. तेच अबाउट. ॲंक्शस, कन्सर्न्ड, कन्फ्यूज्ड हेही याच घिरट्यांतले.

आश्चर्य आणि धक्का वेगळे. ते घिरट्या घालत नाहीत, अंगावर येऊन आदळतात. म्हणून सरप्राइज्ड, शॉक्ड, अमेझ्ड, अस्टॉनिश्ड यांना ‘ॲट’ किंवा ‘बाय’: ‘सरप्राइज्ड ॲट द प्राइस’, ‘शॉक्ड बाय द न्यूज’. दोन्हींत फरक शोधत बसू नका, परीक्षेपुरता तो नाहीच म्हटलं तरी चालेल.

पण भीतीत ‘बाय’ आणि ‘ऑफ’चा फरक खरा आहे. रात्रीच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याहून उतरलात, स्टेशनहून घरी चालत निघालात, आणि बोळातून एक कुत्रं भसकन अंगावर आलं: ‘आय वॉज फ्राइटन्ड बाय अ डॉग’. एका वेळची घटना, एक ठराविक कुत्रं. आणि लहानपणी चावलं होतं म्हणून आजही कुत्रं दिसलं की रस्ता बदलता: ‘आय ॲम फ्राइटन्ड ऑफ डॉग्ज’. हा स्वभाव झाला. ‘स्केअर्ड’ही तसंच वागतं. ‘अफ्रेड’ला मात्र ‘बाय’ कधीच लावायचा नाही, कारण फ्राइटन आणि स्केअर ही क्रियापदं आहेत, कुणीतरी घाबरवतं. ‘अफ्रेड’मागे तसं वापरातलं क्रियापद नाही.

आता ‘फॉर’, जिथे मी स्वतः पडले. माणूस पुढे असेल तर ‘फॉर’चा अर्थ बहुधा ‘त्याच्या वतीने, त्याच्यापायी’ असा होतो. आमच्या घरातला किस्सा सांगते. माझा भाऊ गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, यात्रेत नंदीध्वज पेलतो. संक्रांतीच्या आधी कितीतरी दिवस सराव चालतो. पांढरी बाराबंदी घालून, कमरेला आधार बांधून, ती उंचच्या उंच काठी तोलत चालायचं. चुकून तोल गेला तर? आई दरवर्षी दाराशी उभी असते, जप करत. आता ‘आई इज अफ्रेड ऑफ हिम’ म्हटलं तर आईला भावाची भीती वाटते असा अर्थ होईल. उलट आहे, ती आवाज चढवते तेव्हा तोच गप्प बसतो. म्हणायचं ‘अफ्रेड फॉर हिम’, त्याला काही होईल की काय अशी भीती. तसंच ‘हॅपी फॉर यू’. शेजारच्या अम्मांच्या नातवाला नोकरी लागली, पेढा हातात ठेवताना आनंद त्यांचा, पण माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते ‘हॅपी फॉर यू’. ‘हॅपी विथ यू’ म्हटलं असतं तर मी जणू त्यांची मालकीण आणि त्यांच्या कामावर खूश, असं झालं असतं.

‘हॅपी’चे तिन्ही रंग धंद्यात रोज लागतात. ‘वुई आर हॅपी विथ द सॅम्पल’ असं पत्र आलं की आमच्याकडे सूत लावायची घाई सुरू होते, कारण त्याचा अर्थ सॅम्पल पास. ‘हॅपी अबाउट’ हे एखाद्या बातमीला, ठरलेल्या गोष्टीला: ‘वुई आर हॅपी अबाउट द न्यू डिलिव्हरी डेट’. आणि ‘वुई आर नॉट हॅपी अबाउट धिस’ असं लिहून आलं, की समजायचं, आज मालकांना दुपारचा चहा गोड लागणार नाही.

‘डिसअपॉइंटेड’चंही तसंच आहे, आणि हा बारकावा मला फार उशिरा कळला. मालाने निराशा केली तर ‘डिसअपॉइंटेड विथ द क्वालिटी’, किंवा ‘बाय’. निकाल ऐकून निराश: ‘डिसअपॉइंटेड ॲट द रिझल्ट’. पण ‘डिसअपॉइंटेड इन यू’ आलं तर ते मालाबद्दल नाही, तुमच्याबद्दल आहे. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, असा त्याचा सूर. वडील मुलाला म्हणतात तसा. ज्या गिऱ्हाइकाने ‘इन यू’ लिहिलं, त्याला मेल पाठवण्याऐवजी फोन करावा असं माझं मत आहे.

‘टायर्ड’साठी पाण्याचं उदाहरण देते, सोलापूरकराला लगेच कळेल. नळाला रोज पाणी येत नाही, येतं तेही कधी पहाटे. बादल्या, घागरी, टाकी, पिंप, सगळं भरून संपल्यावर पाठ मोडून येते: ‘आय ॲम टायर्ड फ्रॉम कॅरिंग वॉटर’. हे शरीर थकलं. आणि वर्षानुवर्षं हेच चाललंय म्हणून जो वैताग येतो: ‘आय ॲम टायर्ड ऑफ कॅरिंग वॉटर’. हे मन विटलं. पहिलं झोपलं की जातं.

याच वाक्यांत अजून एक गोष्ट दिसली असेल. या चिमुकल्या शब्दांनंतर क्रियापद आलं की त्याला आयएनजी लागतं. ‘अफ्रेड ऑफ फॉलिंग’, ‘एक्साइटेड अबाउट गोइंग’, ‘सॉरी फॉर बीइंग लेट’. ‘एक्साइटेड अबाउट टू गो’ ही खिचडी करू नका. एकतर ‘एक्साइटेड अबाउट गोइंग’, नाहीतर ‘एक्साइटेड टू गो’. पत्राच्या शेवटी लिहितो ते ‘लुकिंग फॉरवर्ड टू’ विशेषणात बसत नाही, पण तिथेही हीच चूक होते म्हणून सांगते: ‘टू हिअरिंग फ्रॉम यू’, ‘टू हिअर’ नव्हे.

आणि पुढे ‘दॅट’ने सुरू होणारं अख्खं वाक्य आलं तर चिमुकला शब्द गळून पडतो. ‘आय ॲम प्राउड ऑफ माय डॉटर’, पण ‘आय ॲम प्राउड दॅट माय डॉटर पास्ड’. मध्ये ऑफ नाही. याच मापाचं, पण ‘दॅट’ही गाळलेलं एक वाक्य मला फार उपयोगी पडतं: ‘आय ॲम अफ्रेड द कंटेनर हॅज मिस्ड द व्हेसल’. यात भीती कसलीच नाही. ‘सांगायला वाईट वाटतं, पण’ असं म्हणायची ती इंग्रजांची सभ्य रीत. ‘अफ्रेड’चा अर्थ फक्त ‘घाबरलेला’ असा पाठ केलेल्यांना हे पत्र वाचून वाटतं, समोरचा घाबरलाय, आता भाव पाडून मागा.

प्रश्न विचारताना शब्द शेवटी जातो, पण जायलाच हवा. ‘व्हॉट आर यू अफ्रेड ऑफ?’ ‘हू आर यू अँग्री विथ?’ आपण तो खाऊन टाकतो, कारण मराठीत ‘कशाची’, ‘कुणावर’ यांच्या पोटातच तो असतो.

कुणाचे आभार मानायचे असतील तर ‘ग्रेटफुल टू’ माणसाला आणि ‘फॉर’ गोष्टीला: ‘ग्रेटफुल टू यू फॉर युअर पेशन्स’. उशीर झालेल्या प्रत्येक पत्रात हे एक वाक्य मी घालते, फुकट आहे आणि कामाला येतं. ‘इंटरेस्टेड’ला ‘इन’, ‘कीन’ला ‘ऑन’. यांना काही तर्क नाही, सरळ पाठ करा. ‘गिल्टी’ला मनातली टोचणी असेल तर ‘अबाउट’. ‘गिल्टी ऑफ’ म्हणजे कोर्टातला गुन्हेगार. आईला फोन करायचा राहिला म्हणून ‘गिल्टी ऑफ’ लिहिलंत तर वकील शोधावा लागेल.

वही कशी घालायची ते सांगते. विशेषण एकटं लिहायचंच नाही. ‘प्राउड’ असा शब्द माझ्या वहीत नाहीच, ‘प्राउडऑफ’ असा एकसलग लिहिलाय, चादरीला किनार विणूनच येते तसा. त्यापुढे मराठी अर्थ नाही लिहायचा, स्वतःच्या घरातलं एक वाक्य लिहायचं. पुस्तकातला जॉन कशाला घाबरतो हे कुणाच्या लक्षात राहत नाही, आपली आजी पालीला घाबरते हे राहतं. एका पानावर एकाच शब्दाची कुटुंबं: एक पान विथचं, एक ऑफचं, एक अबाउटचं. ‘हॅपी’सारखे तीन घरी जेवणारे शब्द शेवटच्या पानावर, तिन्ही वाक्यांसकट. रोज दोन जोड्या पुरे. अडलं तर इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला शब्दकोश उघडा. त्यात विशेषणाखाली त्याचा शब्द ठळक अक्षरांत देतात आणि खाली वाक्यं देतात. साध्या इंग्रजी-मराठी डिक्शनरीत फक्त अर्थ मिळतो, आणि आपलं सगळं दुखणं अर्थाच्या पुढचं आहे.

मग उलटी परीक्षा घ्यायची. मी भाचीला मराठी वाक्य टाकते, भाकरी थापता थापता. ‘आजी माझ्यावर रुसलीय.’ अपसेट विथ मी. ‘बाबांची काळजी वाटते.’ इथे ती ‘वरिड अबाउट’ म्हणाली, बरोबर. मी विचारलं, नंदीध्वज पेलताना? तर क्षणभर थांबून ‘अफ्रेड फॉर हिम’ म्हणाली. ‘दहावीतल्या मार्कांची लाज वाटते.’ अशेम्ड ऑफ. हे तिने जरा पुटपुटत म्हटलं.

‘रोज हेच करून बोअर झालंय.’

‘बोअर्ड ऑफ धिस,’ ती म्हणाली.

‘विथ. नाहीतर बाय.’

‘आत्या, ऑफ चालतं की आता. सगळे तसंच बोलतात, मोबाइलवर दाखवू का? एक्साइटेड फॉर पण म्हणतात.’

तिचंही खोटं नाही. बोलण्यात ‘बोअर्ड ऑफ’ हल्ली सर्रास ऐकू येतं, आणि अमेरिकेतली पोरं ‘एक्साइटेड फॉर द ट्रिप’ म्हणतात. पण पेपर तपासणारे सर अमेरिकेतले नाहीत, आणि ज्याने वीस वर्षांपूर्वी मला दोन ओळींचं उत्तर पाठवलं त्या जातीची गिऱ्हाइकं अजून जिवंत आहेत.

‘पेपरात विथ लिही,’ मी म्हटलं, ‘फोनवर काय बोलायचं ते बोल बे. आणि तवा तापलाय, ती भाकरी उलट.’